शनवारबाबांचे दहा

शनिवारी सकाळी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "आज हवा काय गार आहे! अशा हवेत कोणाकडे चहा झाला तर किती बरं."

हे मला सांगितलेलं नसायचं. म्हणजे मलाच सांगितलेलं असायचं, पण तसं दोघांनीही कबूल करायचं नाही असं आमचं ठरलं होतं. शनिवारी त्यांना विस्तव पेटवता यायचा नाही आणि दुसऱ्याला 'पेटव' म्हणूनही सांगता यायचं नाही. हवेबद्दल बोलायला मात्र बंदी नव्हती. मी कधीकधी मुद्दाम उलट ओरडायची, "हो, गार आहे खरी!" आणि गप्प बसायची. मग पलीकडून, जगाचा विचार करून थकलेल्या माणसाच्या सुरात, "साखर कमी पडली तरी चालते माणसाला." मला हसू आवरायचं नाही आणि मी स्टोव्ह पेटवायची. त्यांच्या धर्मात हे कितपत बसत होतं, मला ठाऊक नाही. त्यांनाही नक्की ठाऊक नसावं, कारण एकदा विचारलं तेव्हा त्यांनी फक्त चहाचं कौतुक केलं.

गाव त्यांना शनवारबाब म्हणायचं. खरं आडनाव अलिबागकडच्या एका गावावरून आलेलं, शेवटी 'कर' असलेलं, पण ते कोणी वापरत नसे. मी पेडण्यातल्या कोरगावची. शिक्षिकेची नेमणूक मिळाली ती डिचोली तालुक्यात, मुळगावच्या शेजारच्या एका गावात. मराठी प्राथमिक शाळा, दोन खोल्या, पुढे व्हरांडा, आणि रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक. फळा सकाळी पुसला तरी दुपारी त्यावर बोटाने लिहिता येईल इतकी लाल धूळ. राहायला खोली मिळाली ती नेमकी शनवारबाबांच्या शेजारची. ते तेव्हा खाणीच्या भांडारातून निवृत्त झाले होते. पोर्तुगीज गेल्यावर खाणींना माणसं हवी होती, तेव्हा हे तरुणपणी इकडे आले आणि राहिले ते राहिलेच. बायको लवकर गेली, एकुलता मुलगा इस्रायलला गेला. हे आपले दोन खोल्या, एक आरामखुर्ची आणि एक छत्री घेऊन इथे.

छत्रीचं सांगायलाच हवं. शनिवारी छत्री उघडायची नाही, असा त्यांचा नियम. आणि डिचोलीचा पाऊस काही शनिवार बघून पडत नाही. यावर त्यांनी तोड काढली होती. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ते छत्री उघडून व्हरांड्यात ठेवत. शनिवारी ती उघडीच उचलायची आणि चालायला लागायचं. अडचण एकच होती, ते शनिवारी आमच्या शाळेत येत, का ते पुढे सांगते, आणि उघडी छत्री शाळेच्या दारातून आत येत नसे आणि मिटणंही मना. मग ती बाहेर ठेवायची, आणि वाऱ्याने ती शेताकडे निघाली की अख्खा चौथीचा वर्ग तिच्या मागे. मी सुरुवातीला रागवायची. नंतर मीही धावू लागले.

शनिवार पाळणारा माणूस म्हटल्यावर गावाने आपला सरळ अंदाज बांधला होता: साडेसाती. तीही साधीसुधी नाही, वर्षानुवर्षं न उतरणारी. बायका हळहळत. कोणी कोणी शनिवारी त्यांच्या दारात तेलाची वाटी ठेवून जात, म्हणजे त्यांच्याबरोबर आपलीही पीडा टळावी. शनवारबाब वाटी उचलत, वास घेत आणि नाक मुरडत. "घाण्याचं नाही हे. भेसळ आहे." त्यांच्या वाडवडिलांचा धंदाच तेल काढण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांच्या लोकांना तिकडे 'शनवार तेली' म्हणत. त्यामुळे तेलाच्या बाबतीत ते कोणाचं ऐकून घेत नसत. पण टाकूनही देत नसत. रविवारी त्याच तेलात बांगडे तळत, आणि वास मला भिंतीपलीकडे छळायचा.

मी शाळेत रुजू झाले त्याच महिन्यात एका शनिवारी ते येऊन दारात उभे राहिले. पांढरा सदरा, डोक्याला काळी टोपी.

"बाय, तुमची पोरं वाचतात का?"

मी म्हटलं, "वाचतात की."

"मोठ्याने? एकट्याने? समोर कोणी बसलेलं असताना?"

असं कुठे असतं? वर्गात सगळी एका सुरात ओरडतात आणि त्यात न वाचणारं पोर सहज लपून जातं. मी उगाच फळा पुसायला लागले. त्यावरून त्यांना काय ते कळलं. ते व्हरांड्यात बसले आणि सांगू लागले.

त्यांच्या गावात त्यांच्या लोकांची पाच-पंचवीस घरं होती. शनिवारी सगळ्यांनी जमून प्रार्थना करायची. मग दिवसभर करायचं काय? काम नाही, लिहायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही, गाडीत बसायचं नाही. कोणा वडीलधाऱ्याच्या डोक्यात आलं की वाचायला तर कोणी अडवलेलं नाही! तेव्हापासून रीत पडली. प्रार्थना आटोपली की सगळी जमात, बायका-पुरुष, तशीच नव्या कपड्यांत गावच्या शाळेत जायची. एकेकाने एकेका पोराला समोर घ्यायचं आणि त्याचं वाचन ऐकायचं. पोर कोणाचंही असो, कुणब्याचं, कोळ्याचं, भंडाऱ्याचं.

"आता तिकडे कोण करतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. सगळे इस्रायलला गेले. दार बंद आहे," ते म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडे आलो. रीत माझ्याकडे राहिली आहे. ती एकट्याने नुसती घरात ठेवून काय करू?"

मला माणूस आवडला. पण खरी भानगड पुढे होती. बोलता बोलता त्यांनी त्या प्रार्थनेच्या जागेला 'मशीद' म्हटलं होतं. त्यांच्याकडे जुनी माणसं तसंच म्हणतात, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. पण व्हरांड्याच्या कठड्याला टेकून आमचा पालक मंडळाचा अध्यक्ष उभा होता. गावात त्याचं किराणा दुकान, आणि दुकानात जे संध्याकाळपर्यंत पोचतं ते गावभर पोचतं. सोमवारी शाळेत सभा.

अध्यक्षाने घसा साफ केला. "शनवारबाब, राग मानूं नाकात. पूण तुमी नक्की कोण?"

"यहुदी."

"म्हणजे पाद्र्यांचे?"

"नाही. पाद्र्यांच्या आधीचे."

"आनी मशीद?"

"आमच्या देवळाला म्हणतो आम्ही तसं. सवयीने."

"देव खंयचो?"

"एकच आहे. दिसत नाही."

सभेत चुळबुळ सुरू झाली. मागून कोणीतरी म्हणालं, पोरांना कसल्या धर्मात नेणार असाल तर आत्ताच सांगा. शनवारबाब म्हणाले, आमच्यात यायला फार त्रास असतो हो, आम्ही आमच्याच पोरांना कसंबसं आत ठेवतो. हे कोणाला पटलं, कोणाला नाही. तेवढ्यात एका बाईने, बहुधा वातावरण हलकं करावं म्हणून, विचारलं, "नुस्तें खातात मरे?"

"खातो तर! खवले आणि पर असले की खातो."

"आनी सुंगटां?"

"नाही."

"कुर्ल्यो?"

"नाही."

"तिसऱ्यो?"

"कधीच नाही. लागतात कशा तेही ठाऊक नाही."

इतकी वर्षं गोव्यात राहून ह्या माणसाने कोळंबी खाल्ली नव्हती, खेकडा नाही, शिंपल्या नाहीत. धर्म, देव, मशीद सगळं बाजूला राहिलं. "बाबडो रे!" अध्यक्ष मनापासून म्हणाला. "मागीर जेवतात तरी किदें?" सभा संपली ती त्यांना कुठला कुठला मासा चालेल ह्यावरच्या चर्चेत, आणि पुढच्या शनिवारपासून वाचन सुरू करायला कोणाचीच हरकत उरली नाही. पहिला ऐकणारा म्हणून अध्यक्षानेच नाव दिलं.

वाचनाचे नियम त्यांचे. एक पोर, समोर एक मोठं माणूस, मध्ये पुस्तक. फळा नाही, खडू नाही, पाटी नाही, शनिवारी कोणी काही लिहायचं नाही. ह्या एका नियमावर पोरं इतकी खूश होती की शनिवारी गैरहजेरी बंद झाली. अक्षरावर बोट ठेवायचं नाही, त्यासाठी माडाच्या झावळीतली हीर. त्यांच्याकडे धर्मग्रंथाची पवित्र गुंडाळी वाचतात तेव्हा हाताने शिवत नाहीत, चांदीची कांडी धरतात. "आपल्याकडे चांदी नाही, माड आहेत," ते म्हणाले. दर शनिवारी पोरं हातात हिरी घेऊन शाळेत येताना दिसली की नवख्या माणसाला वाटे, शाळेत झाडू बांधायचं शिकवतात.

आणि पोर चुकलं तर बरोबर शब्द सांगायचा नाही. फक्त म्हणायचं, "मागं." पोराने मागे जायचं आणि ते वाक्य पुन्हा वाचायचं. ओरडायचं नाही, हसायचं नाही, डोक्यावर टपली तर मुळीच नाही. मी विचारलं, शब्द सांगितला तर काय बिघडतं? तेव्हा त्यांनी मला गुंडाळीचं सांगितलं. तिच्यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. नुसती उघडी अक्षरं.

"मग वाचतात कसं?"

"समोर ऐकणारे असतात म्हणून. चुकला की सगळे ओरडतात. मग तो मागे जातो. त्यात लाज कसली? मोठमोठे चुकतात. बाय, वाचायला एकाला येतं हो. ऐकायला माणसं लागतात."

धडा पुरा झाला की ते हात उंचावून म्हणत, "हजाक उ-बारूख!" वाचून झालेल्याला त्यांची जमात असं म्हणते, तुला बळ मिळो, तुझं भलं होवो. आमच्या पोरांनी ते ऐकलं 'हजर, बारको'. बारको म्हणजे आमच्याकडे धाकटा. त्यांना वाटलं, शेवटी हजेरी घेतात, आणि धाकट्यानेही 'हजर' म्हणायचं असतं. त्यामुळे कोणाचाही धडा संपला की अख्खी शाळा छप्पर उडेल अशी ओरडायची, "हजर, बारको!" शनवारबाबांनी दोनतीन शनिवार सुधारायचा प्रयत्न केला. मग एक दिवस मी त्यांनाच 'हजर, बारको' म्हणताना ऐकलं.

मोठी माणसं जमवणं हे मात्र सोपं नव्हतं. त्यांच्या धर्मात दहा माणसं जमल्याशिवाय गुंडाळी उघडत नाहीत. दहा असले तर जमात, नाहीतर नुसती गर्दी. इथेही दहा ऐकणारे हवेत असा त्यांचा हट्ट. आणि त्यात स्वतःला धरायचं नाही. "मला मोजू नका. मी जाणारा आहे. माझ्यामागे राहतील ते दहा." ते घरोघर फिरत. अध्यक्ष होता, मी होते, डिचोलीच्या बसचा कंडक्टर होता, जो दुसरी फेरी सुटेपर्यंत बसायचा आणि पोर अडखळलं की सवयीने म्हणायचा, "पुढे चला, पुढे चला," आणि शनवारबाब लांबून ओरडत, "मागं, मागं!" होता होता नऊ झाले. आठवड्यातला तो एक तास शाळा अशी गुणगुणायची की खनिजाचे ट्रकसुद्धा ऐकू येत नसत.

मग मुलाचं पत्र आलं. नातू तेरा वर्षांचा होणार होता. त्या वयात त्यांच्यातला मुलगा पहिल्यांदा जमातीसमोर उभा राहून गुंडाळीतून वाचतो. मुंजीपेक्षा मोठा सोहळा, असं त्यांनी मला समजावलं. मुलाने लिहिलं होतं, बाबा, दिवाळीनंतर आहे, या, आणि आता इथेच राहा. शनवारबाबांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "दहा झाले की मी निघालो. एकच उरला आहे."

त्या क्षणापासून गावात दहावा माणूस मिळेनासा झाला.

कट कोणी सुरू केला, मला सांगता येणार नाही. मला कंडक्टरने सांगितलं. "बाई, हांव सांगतां तें कोणाक सांगूं नाकात. म्हज्या भावाक येवपाचें आशिल्लें, हांवें ताका घरांत बसयला. धावो जालो जाल्यार शनवारबाब वतले मरे!" म्हणजे भाऊ यायला तयार होता आणि ह्याने त्याला घरी बसवला, कारण दहावा झाला की शनवारबाब जाणार. अध्यक्ष तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला उघड दम देत होता. आणि मी? मी शिक्षिका, मी काही बोलले नाही, आणि मनातून मला हायसं वाटलं.

पण गंमत पुढेच आहे. ज्यांना कटाचा पत्ता नव्हता असे काही येतच. त्यांची परीक्षा शनवारबाब घेत, आणि एकेकाला नापास करत. देवळातल्या भटजींना नापास केलं. का, तर ते पूर्णविरामाला थांबत नाहीत. "भटजी, देवाला कळतं हो. पोराला कळायला हवं ना." एका कॉलेजच्या मुलाला नापास केलं, कारण तो वाचताना ओठ पुरेसे हलवत नाही. निवृत्त तलाठ्याला नापास केलं, कारण त्याच्या चेहऱ्याकडे बघून पोर घाबरेल. ह्यात तथ्य होतं, तरीही.

त्या शनिवारी मी चहा घेऊन स्वतःच पलीकडे गेले. "भटजी नापास? रोज पोथी वाचणारा माणूस?"

ते बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "बाय, तिकडे बसच्या थांब्यावर उभं राहिलं तरी दहा मिळतात. सगळेच आमचे. त्यात मी अकरावा, नाहीतर पंधरावा. इथे मी आलो नाही तर शनिवार होत नाही."

"आणि नातू?"

"त्याला मराठी येत नाही. मला त्याची ती बोलायची भाषा येत नाही, प्रार्थनेपुरती येते. फोनवर तो हॅलो म्हणतो, मी हॅलो म्हणतो, मग मुलगा फोन घेतो." त्यांनी बशी खाली ठेवली. "तो माझ्याकडे बघून हसेल, मी त्याच्याकडे बघून हसेन. असं किती दिवस हसणार?"

म्हणजे आम्ही दहावा येऊ देत नव्हतो आणि तेही येऊ देत नव्हते. दोन्ही बाजूंनी दार दाबून धरलेलं. मला इतकं बरं वाटलं, आणि इतकं वाईटही, की मी कप तिथेच विसरून आले.

आता सुनंदाचं सांगते. तिचा नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, माणसं दोडामार्गकडची. मुलगी दीपा आमच्या तिसरीत. दीपा वाचनात मागे, आणि वाचायला उभं केलं की रडायची. शनवारबाबांनी तिला स्वतःच्या समोर घेतलं होतं. सुनंदा तिला न्यायला यायची आणि खिडकीबाहेर उभी राहायची. शनवारबाबांनी तिला एक दिवस आत बोलावलं आणि दीपाशेजारी बसवलं. ती म्हणाली, "माका वाचूक येयना नाय." मला वाचता येत नाही. ते म्हणाले, "ऐकायला येतं ना? मग बसा." दीपा वाचायची, शनवारबाब 'मागं' म्हणायचे, दीपा हिरीने तेच वाक्य पुन्हा दाखवायची. दोनदा, तीनदा, चारदा. आणि शेजारी बसलेली आई प्रत्येक वेळी बघायची. जे पोर एकदाच बरोबर वाचतं त्याच्याशेजारी बसून कोणी शिकत नाही. दीपा खूप चुकायची. त्यात दोघीही वाचायला शिकल्या. आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही.

पाऊस सरल्यावरच्या एका शनिवारी सगळ्यांचे धडे संपले, पोरं ओरडून मोकळी झाली, आणि सुनंदा उठून उभी राहिली. "माझी पण परीक्षा घेवा," ती म्हणाली. "धावी माणूस म्हणान."

अध्यक्ष खोकला. कंडक्टरने मागून तिला हाताने खुणा केल्या, बस, बस. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. कट तिला पुरता ठाऊक होता.

शनवारबाबांनी चौथीच्या पुस्तकातला सगळ्यांत जड धडा काढला. सुनंदाने हीर घेतली. तिसऱ्या ओळीत ती अडली. शनवारबाब काही बोलायच्या आधी तिनेच म्हटलं, "मागं," आणि मागे गेली. सावकाश, पण पूर्णविरामाला थांबत, ओठ हलवत तिने धडा पुरा केला. पोरांना कटाचं काय ठाऊक! त्यांनी छप्पर उडवलं.

शनवारबाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आवाज बारीक आहे," ते म्हणाले. "मागच्या बाकाला पोचत नाही. पुढल्या वर्षी बघू."

सुनंदा बसली नाही. "आजोबानु," ती म्हणाली, "माझ्या चेडवाचा, दीपाचा वाचप तुमी आयकलास. रडान रडान वाचलान, तरी आयकलास. तुमच्या नातवाचा कोण आयकतलो?"

"तिकडे खूप लोक आहेत," ते म्हणाले.

"लोक आसतले. आजो खंय आसा?"

लोक असतील, पण आजोबा कुठे आहे? ह्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असे. शनीच्या तेलाला होतं, पावसाला होतं, आमच्या अख्ख्या सभेला होतं. आता ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि आमच्याकडे बघत एकेकावर नजर फिरवू लागले. अध्यक्ष, कंडक्टर, मी, करत करत शेवटी सुनंदा. "दहा," ते म्हणाले, आणि आम्हाला कोणालाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत.

शनिवारी फोन करायचा नव्हता. रविवारी दुपारी ते मला घेऊन बाजारातल्या एसटीडी बूथवर गेले. गावात अशी बातमी लपत नाही. आम्ही पोचलो तर बाकीचे नऊच्या नऊ तिथे आधीच उभे. काचेच्या त्या खोक्यात एकच माणूस मावतो, म्हणून दार उघडं ठेवून आम्ही सगळे दारात.

मुलाने फोन उचलला. शनवारबाब म्हणाले, "त्याला दे. हो, त्यालाच. आणि सांग, वाचून दाखव म्हणावं. जे वाचणार आहे ते."

तिकडे काही वेळ गडबड झाली असावी. मग शनवारबाबांचा चेहरा बदलला. ते डोळे मिटून ऐकू लागले, ओठ हलायला लागले. एकदा त्यांनी मान वर केली आणि काहीतरी म्हणाले, आमच्या कोणाच्या भाषेतलं नाही. तिकडून पोर थांबलं असावं, आणि पुन्हा मागून वाचू लागलं असावं, कारण त्यांचे ओठही मागे जाऊन तेच पुन्हा हलू लागले. हॅलोच्या पुढे त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलणं होत होतं. माझे डोळे भरून आले, आणि कंडक्टर आपण वर तारेकडे बघतोय असं दाखवत होता.

एकाएकी त्यांनी फोन सुनंदापुढे धरला. "ऐका."

ती घाबरली. मग पदराने हात पुसून तिने फोन कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. एक अक्षर कळत नव्हतं, तरी तिसरीतल्या पोराचं ऐकावं तसं मान तिरकी करून ऐकलं.

"झील बरो वाचता," ती शेवटी म्हणाली. मुलगा चांगला वाचतो. "पण घाई करता."

शनवारबाबांनी फोन परत घेतला. पलीकडे आता मुलगा आला होता आणि हे कोण मध्येच ऐकत होतं, असं विचारत असावा.

"अरे, आमच्या जमातीतल्या एक बाई आहेत," शनवारबाब म्हणाले. "त्या म्हणतात, पोरगा घाई करतो. तू तिकीट काढ, मी येतो."